हात मोजले, पाय राहिले

“कोण सरकवलं? माझी मिठाची बरणी कोण सरकवलं?”

भुजंगण्णा असे ओरडले, की मागच्या अंगणात बिडी ओढत उभा असलेला आमचा गवंडी मुनियप्पा बिडी गिळून आत धावत आला. शेजारचं कुत्रं भुंकता भुंकता गप्प झालं. बसवनगुडीतल्या दोन-तीन देवळांच्या घंटा आपसूक वाजल्या म्हणतात. त्या मी ऐकल्या नाहीत, पण वाजल्या असणार.

गॅसवर अवरेकाळूची आमटी रटरटत होती. अवरेकाळू म्हणजे आपले पावटेच, पण थंडीत बेंगळुरात जे येतात त्यांना नुसतं पावटे म्हटलं तर ते शिजत नाहीत, रुसतात. भुजंगण्णांच्या उजव्या हातात डाव होता आणि डावा हात ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर थपथप करत मीठ शोधत होता. बरणी होती कुठं? चार बोटं पलीकडे. मीच सरकवली होती, मागच्या भिंतीची ओल बघायला. पांढरीशुभ्र चिनी मातीची बरणी, खाली काळा दगड, वरून खिडकीतलं ऊन. अशा वेळी आपण म्हणतो, आंधळ्यालाही दिसेल.

भुजंगण्णांना दिसली नाही.

मी पाटावरून अर्धवट उठून हात लांब केला आणि बरणी आधी होती तिथं ठेवली. त्यांचा हात बरोबर तिच्यावर पडला. त्यांनी चिमूटभर मीठ घातलं, आमटी ढवळली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “अक्का, त्या मुनियप्पाला बाहेर पाठव.”

आता त्यांना जरा ढवळत राहू देत. तोवर मी कोण आणि त्यांच्या स्वयंपाकघरात पाट टाकून काय करत होते, ते सांगते.

मी जुन्या घरांतली स्वयंपाकघरं मोडते आणि नवी करते. आमचं घराणं या गावात कधी आलं याचा हिशेब कुणालाच लागत नाही. घोड्यावरून आले एवढं सांगतात. घोडं गेलं, आम्ही राहिलो. आमची मराठीसुद्धा चारशे वर्षं कन्नडच्या ओसरीवर झोपून उठलेली आहे. गावात मला सगळे अक्का म्हणतात. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेही अक्काच म्हणतात, कारण जी बाई तुमच्या स्वयंपाकघराची भिंत फोडणार तिच्याशी आदरानं वागलेलं बरं.

लोकांना वाटतं या धंद्यात दगड, लाकूड आणि टाइल्स असतात. ते होसकोट्याच्या कारखान्यात मिळतं, हवं तसं कापून. खरी गंमत निराळी आहे. जुन्या घरात स्वयंपाकघर कुणी एकदा बांधलेलं नसतं, ते साचत गेलेलं असतं. आधी खाली बसून चूल फुंकायची सोय. मग रॉकेलचा स्टोव्ह आला, त्याला एक फळी. मग गॅस आला, त्याला एक ओटा, तोही जिथं सिलिंडर मावला तिथं. पुढं मिक्सर आला आणि त्याची वायर देवघराच्या दिव्यावरून ओढलेली. एका घरात मी भिंतीतला पाइप काढला तर पाइप नव्हताच. लोखंड कधीच विरघळून गेलं होतं, आणि पाणी नुसतं सवयीनं त्या वाटेनं येत होतं. खोटं वाटत असेल तर मुनियप्पाला विचारा. तो याहून मोठं सांगेल.

माझी एक अट असते. भिंती मोजायच्या आधी मी माणूस मोजते. जो कोण त्या घरात रोज रांधतो त्यानं मला एक आख्खं जेवण करून वाढायचं, रोज करतात तसंच, पाहुणीसाठी म्हणून काही वेगळं नाही. मी कोपऱ्यात पाटावर खडू घेऊन बसते आणि जिथं हात जातो तिथं रेघ मारते. हात तेलाला कुठवर जातो, झाऱ्याला कुठवर, वाकावं कुठं लागतं, टाचा कुठं उचलाव्या लागतात. ओटा कोपराच्या जरा खाली असला तर पाठ दुखत नाही, हे तुम्हाला कुठलाही सुतार सांगेल. पण कुठल्या बाईचं लाटणं रागात असताना कुठं आपटतं, हे बसून बघावं लागतं. तिथं मी काच लावत नाही.

लोक म्हणतात, अक्काची ही अट म्हणजे फुकट जेवायची युक्ती आहे. आहेच. या गावातला असा एकही पेठभाग नाही जिथलं सार माझ्या पोटात नाही. चामराजपेटेतली डाळभाजीची हुळी, मल्लेश्वरमचं चिंचगुळाचं गोज्जू, नागपूरहून मारतहळ्ळीला येऊन राहिलेल्या एका पोराची वडाभाताची पहिली खेप (तो भात नव्हता, पण वडा उत्तम होता). देवघरात लोक परक्याला नेतात, स्वयंपाकघरात नेत नाहीत. मला नेलं, बसवलं, वाढलं. देव मला विचारील, तू काय कमावलंस, तर मी त्याला ढेकर देऊन दाखवीन.

तर भुजंगण्णा. वय ऐंशीच्या अलीकडे, उंच, सडसडीत, कानात अत्तराचा फाया. सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलेलं. म्हणजे डोळ्यांवर पोट भरलेला माणूस. छापखान्यात म्हणे त्यांच्या हाताखालून चुकीचा अनुस्वार गेला असं कधी झालं नाही. गेलाच तर तो लाजून आपणच परत यायचा. बायको वारल्यावर त्यांनी डाव हातात घेतला तो खाली ठेवला नाही. घर जुनं, लाल ऑक्साइडच्या फरशीचं, घरात एकटे. मुलगा माधव आणि सून ऋचा मारतहळ्ळीत फ्लॅटमध्ये राहत. आता तिघांनी एकत्र राहायचं ठरवलं होतं आणि त्याआधी स्वयंपाकघर नवं करायचं होतं. म्हणून मी आले होते.

मुनियप्पा बाहेर गेला. भुजंगण्णांनी गॅस बारीक केला, कान तिरपा करून ज्योत ऐकली आणि माझ्याकडे तोंड केलं. अगदी माझ्याकडे नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे.

“मधलं गेलंय,” ते म्हणाले. “कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं तर तोंड नाही दिसत, कान दिसतात. मोठे आहेत.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं. वयाचं आहे, गेलेलं परत येत नाही म्हणाला. जे आहे ते राहील म्हणाला. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, तेवढं पुरे.”

“माधवला माहीत आहे?”

“वेडी का काय तू?” आवाज पुन्हा देवळांपर्यंत जाणार होता, तो त्यांनी मधेच आवरला. “कळलं की दुसऱ्या दिवशी स्वयंपाकीण येईल. मला हॉलमधे खुर्चीवर बसवतील. बसून काय करू? पेपर वाचू?”

मी हातातला खडू खाली ठेवला. म्हणजे बघा, किती मोठी गोष्ट होती.

“या घरात मला डोळे लागत नाहीत,” ते म्हणाले. “सगळं जिथल्या तिथं आहे. तेल इथं, मोहरी इथं, सांडशी खिळ्याला. पण तुम्ही हे सगळं फोडणार. नव्या ठिकाणी मी पहिल्याच दिवशी पकडला जाईन. अक्का, तू असं कर. स्वयंपाकघर नवं कर, पण माझ्या हातांना ते कळू देऊ नकोस.”

आजवर लोकांनी माझ्याकडे काय काय मागितलं होतं. सासूला पोचणार नाही असं कपाट मागितलं होतं. नवऱ्याला सापडणार नाही असा कप्पा मागितला होता. पण हातांना कळणार नाही असं स्वयंपाकघर कुणी मागितलं नव्हतं. मी आधी त्यांची पुरती परीक्षा घेतली. दूध उतू जायच्या आधी त्यांना कळतं का, झाकण कसं उचलतात, पदर नसला तरी पंच्याचं टोक कुठं असतं, सगळं बघितलं. त्यांना मोहरीचा तडतडाट ऐकून कळायचं की अजून थोड्या उरल्यात. वासावरून कांदा कुठल्या रंगावर आहे ते सांगायचे. डोळे धडधाकट असणाऱ्या कितीजणांना मी फडक्याला आग लावताना बघितलंय. हा माणूस ज्योतीला हाताच्या पाठीनं ओळखत होता. शिवाय आता अशी शेगडी मिळते, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद. ती घालायची ठरली. मग जेवले. आमटी अशी होती की मुनियप्पानं तिसऱ्यांदा भात मागितला आणि चौथ्यांदा रडला.

“जमवते अण्णा,” मी म्हणाले.

त्या दिवसापासून भुजंगण्णा आणि मी कटात सामील झालो. त्यांनी डोळे झाकून, म्हणजे त्यांच्या लेखी काहीच न बदलता, हात लांब करायचा आणि मी खडूनं खूण करायची. कोपर, मनगट, पसरलेली बोटं. तेलाची किटली ओट्याच्या कडेपासून किती वीत, मसाल्याचा डबा खांद्याच्या किती खाली. भिंतीवर त्यांची अशी आकृती उमटली की शेजारची बाई डोकावून म्हणाली, “एनु अक्का, इथं कोण नाचलं?”

खरी लढाई माधवशी होती. पोरगा गुणी, बापावर जीव, पण कानात सदा ती गाण्याची बोंडं घातलेली आणि फोनमध्ये जगभरच्या किचनचे फोटो. येईल त्याच्या तोंडावर फोन धरायचा. ऋचा पुण्याची, शांत. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची आणि आमचं बोलणं ऐकतेय की नाही तेही कळायचं नाही.

“अक्का, शेगडी काचेची हवी,” माधव म्हणाला. “सपाट. नुसतं बोट लावायचं.”

सपाट काचेवर भुजंगण्णांचं बोट कुठं लागणार? मी लगेच सुरू झाले. “घे ना बाबा, जरूर घे. राजाजीनगरला एकाकडे मी लावली होती. त्यांचं मांजर तिच्यावरून चालत गेलं. चार पाय, चार शेगड्या पेटल्या. मांजर त्यानंतर त्या घरात परतलं नाही, आणि घरमालकानं मांजराच्या पायांचे ठसे अजून पुसले नाहीत.”

माधवचं तोंड उघडंच राहिलं. ऋचानं लॅपटॉपमधून मान वर केली नाही. “अक्का म्हणताहेत तर साधीच घेऊ,” ती म्हणाली.

मग कपाटं. माधवला बिनमुठीची हवी होती, ढकललं की उघडणारी. मी म्हटलं, “सुंदर दिसतात. फक्त लोकांना गुडघ्यानं ढकलायची सवय लागते. जयनगरचे एक बँकेतले साहेब आहेत, आता त्यांना हातानं दार उघडताच येत नाही. ऑफिसात केबिनला गुडघा मारतात. परवा मंदिराच्या गाभाऱ्याला मारला.”

“मुठी असू देत,” ऋचा म्हणाली.

मग खोलीच्या मधोमध सुटा ओटा. ते सर्वांत अवघड होतं, कारण भुजंगण्णा दारातून सरळ रेषेत चालत ओट्याशी जायचे. मधे काही आलं की संपलं. मी आवाज खाली आणला. “माधव, मधला ओटा म्हणजे घराची फाळणी. अलीकडचे आणि पलीकडचे. मी एका घरात केला, तर वर्षाच्या आत दोघं भाऊ निराळे झाले. ओट्याची वाटणी करताना करवत मलाच बोलवून मागितली.”

“नको मग मधे काही,” ऋचा म्हणाली आणि पुन्हा टाइप करू लागली.

मला वाटलं, काय पोरगी आहे, किती भोळी! सांगितलेलं सगळं खरं मानते. पुण्यात अशी माणसं अजून उरलीत याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

मुनियप्पाला मात्र हे काम सोसत नव्हतं. ओटा जुन्याच उंचीला, जुन्याच जागी. शेगडी जुन्याच अंतरावर. कोपऱ्यात खिळा, तोसुद्धा जुना होता तिथंच. “अक्का,” तो म्हणायचा, “हे नवं किचन आहे की जुन्याचं भूत?” त्याला कट सांगितला नव्हता. मुनियप्पा सज्जन आहे, पण त्याच्या पोटात फक्त जेवण राहतं.

फोडताना मोठा प्रसंग आला तो ओरळकल्लूचा. म्हणजे जुन्या पद्धतीचा वाटायचा दगड, जो फरशीतच रोवलेला असतो. वर फक्त त्याचं तोंड दिसतं, बाकीचा जमिनीत. हा काढायला चार गडी, दोन पहारी आणि शेवटी एक रिक्षावाला लागला, जो नुसता पत्ता विचारायला आला होता. दगड निघाला तेव्हा खालून असा हुंकार आला की सगळे मागे सरले. त्या क्षणी मल्लेश्वरममध्ये कुणाच्या तरी पेल्यातली कॉफी खालच्या वाटीत सांडली असणार. दगड अंगणात पेरूखाली ठेवला. भुजंगण्णा रोज जाऊन त्याच्यावर हात फिरवून यायचे. मी म्हटलं, आठवण येत असेल बायकोची. मला वाटतं त्याच्या पुढचा विचार मी तेव्हा करायला हवा होता, पण मोठमोठ्या थापा मारणाऱ्या माणसाला समोरची बारीक गोष्ट दिसत नाही.

कपाटं बसली. ओटा बसला. मग रोज संध्याकाळी, माधव ऑफिसातून काम बघायला यायच्या आत, आमची तालीम. भुजंगण्णा दारात उभे राहायचे, चालत जायचे, हात टाकायचे. तेल. मोहरी. सांडशी. मीठ. पहिल्याच दिवशी हात बरोबर पडले तेव्हा त्यांनी मिठाची बरणी उचलून छातीशी धरली. “अक्का,” ते म्हणाले, “यात फरक काय केलास?” आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळाली असेल तर त्यानं मला पत्र लिहावं.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. नव्या टाइल्स बसवल्या की त्यांवर काम संपेपर्यंत ओरखडे येऊ नयेत म्हणून आम्ही प्लास्टिक अंथरतो आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर ओततो. ओबडधोबड, ढेकळं आलेला, पायाला टोचणारा. शेवटच्या दिवशी तो खरवडून काढायचा. आमची सगळी तालीम त्या थरावर झाली होती.

दूध उतू घालवायचा दिवस आला. नव्या स्वयंपाकघरात पहिला विस्तव पेटवायचा, त्यावर दूध ठेवायचं आणि ते मुद्दाम उतू जाऊ द्यायचं, हा आमच्याकडचा नेम. घरात भरभराट ओसंडते म्हणे. ओसंडलेलं पुसतो कोण हे नेमात लिहिलेलं नाही. दूध ठेवायचा मान घरातल्या थोराचा. नातेवाईक आले, शेजारी आले. सकाळीच मुनियप्पानं थर खरवडून, फरशी धुऊन, पुसून लख्ख केली होती. मला दारातच अडवून म्हणाला, “कन्नडी, अक्का, कन्नडी!” म्हणजे आरसा. आणि खरंच आरसा. हस्तिदंती टाइल्स, हस्तिदंती कपाटं, नव्या मोठ्या खिडकीतून आलेलं ऊन त्या सगळ्यावरून निसटून परत छताला लागलेलं. माधव फोन वर धरून चित्रण करत होता.

भुजंगण्णा नवं धोतर नेसून, अनवाणी, हातात दुधाचं पातेलं घेऊन दारातून आत आले. दोन पावलं टाकली. तिसरं टाकलं. आणि थांबले.

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. त्यांचा अंगठा फरशीवर काहीतरी शोधत होता. जुन्या लाल फरशीत मोरीपाशी पाण्यानं खरखरीत झालेला भाग होता, ओट्यापुढे वर्षानुवर्षं उभं राहून गुळगुळीत झालेला खोलगट भाग होता, मधे ओरळकल्लूची उठलेली कड होती. आणि गेले काही दिवस त्या थराची ढेकळं होती. मी हात मोजले होते, बोटं मोजली होती, खांदा मोजला होता. हा माणूस इतकी वर्षं पायांनी चालत होता! आणि आता पायाखाली काहीच नव्हतं, सगळीकडे सारखंच, थंड आणि सपाट. डोळ्यांच्या कडेनं दिसायचं तेही गेलं. सगळं पांढरं. धुक्यात सोडलेल्या माणसासारखे ते मधोमध उभे. 

“अप्पा, पुढं चला ना,” माधव फोनमागून म्हणाला.

ते हलले नाहीत.

“वहिनींची आठवण आली असेल,” एक आत्या म्हणाली आणि नाकाला पदर लावला. दुसऱ्या दोघींनी लगेच लावला. सगळं घर हळवं झालं. कुणी पुढं होईना, कारण अशा वेळी माणसाला एकटं सोडावं असं सगळ्यांना वाटत होतं. आणि आणखी क्षणभर ते तसेच राहिले असते तर माधवनं जवळ जाऊन त्यांचा हात धरला असता. त्या हाताला सगळं कळलं असतं.

मी तोंड उघडलं. काहीतरी बोलायचं होतं, काहीही, एखादं मांजर, एखादा साहेब. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून थाप निघेना.

कट्.

कट्. कट्. कट्.

ऋचा ओट्याशी उभी होती. कधी तिथं गेली कुणी बघितलं नाही. हातात गॅसचा लायटर. शेगडी बंद, ती नुसताच हवेत लायटर दाबत होती.

“अप्पा, हे बघा ना हो,” ती अगदी कंटाळल्यासारखी म्हणाली. “पेटतच नाहीये. कट् कट् नुसतं. मला नाही जमत. तुम्हीच या.”

कट्. कट्.

भुजंगण्णांनी मान किंचित तिरपी केली, ज्योत ऐकताना करायचे तशी. “तुम्हा पुण्याच्या लोकांना लायटरसुद्धा जमत नाही,” ते म्हणाले, आणि आवाजाच्या रोखानं चालू लागले. एक पाऊल, दुसरं पाऊल, जरा सरकत. डावा हात पुढे. हात ओट्याच्या कडेला लागला.

बस. तिथून पुढे त्यांचं राज्य. पातेलं जागेवर, लायटर तिच्या हातातून घेतला, बटण फिरवलं, पेटली. दूध वर आलं आणि असं उतू गेलं, असं उतू गेलं, की ओट्यावरून, कपाटांवरून, त्या आरशासारख्या फरशीवरून थेट आत्यांच्या पायांपर्यंत पोचलं. “पुसू नका कोणी!” भुजंगण्णा ओरडले. “वाहू दे!” आणि या वेळी घंटा नक्की वाजल्या, कारण कोपऱ्यात कुणीतरी आरती सुरू केली होती.

त्या दिवशी त्यांनी पन्नास माणसांना जेवू घातलं. माझ्या पानात त्यांनी स्वतः दोनदा वाढलं, आणि मी मुकाट्यानं जेवले. जेवताना मुकी झालेली मला कुणी बघितलेली नाही. मुनियप्पानं माझी नाडी बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कटर घेऊन हजर. माधवला सांगितलं, खालून टाइल पोकळ वाजतेय, स्वल्प काम आहे. मुनियप्पाला आता सांगावंच लागलं. त्यानं ऐकून घेतलं, आपल्या आरशाकडे एकदा बघितलं, आणि एक शब्द न बोलता त्यात कटर घातला. त्या माणसाचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यांत हा सगळ्यांत वरचा. दारापासून ओट्यापर्यंत एक, मोरीपुढे एक आणि शेगडीपुढे एक असे पट्टे कापले. त्यांत जुन्या ओट्याचा कडप्पा बसवला, वरून टाकी लावून खरखरीत केलेला. पांढऱ्यावर काळा, म्हणजे कडेनं बघणाऱ्या डोळ्यालाही दिसावा. भुजंगण्णा अनवाणी त्यावरून गेले, परत आले, परत गेले. मग चवड्यांवर उभे राहून उगीचच एक गिरकी घेतली. ऐंशीच्या अलीकडचा माणूस. हे मी वाढवून सांगत नाही. बाकी सगळं वाढवून सांगितलंय, हे नाही.

राहायला आलेला माधव वरच्या खोलीतून खाली उतरला, पट्टे बघितले, लगेच फोटो काढला. “अक्का, डिझाइन काय मस्त आहे! आधी का नाही सुचवलं?”

तो ऑफिसला गेला. भुजंगण्णा आत दोडक्याचं काहीतरी करत होते, मुनियप्पा वासाच्या दिशेनं दाराशी सरकला होता. ऋचानं मला मागच्या पायरीवर कॉफी आणून दिली आणि आपला पेला घेऊन शेजारी बसली.

“केव्हापासून माहीत आहे तुला?” मी विचारलं.

“लग्नानंतरचा पहिला पाडवा. नवी साडी नेसून मी समोर उभी राहिले, तर म्हणाले, कुरिअर टेबलावर ठेव.”

मला माझं मांजर आठवलं, बँकेतले साहेब आठवले, दोघं भाऊ आणि करवत. एकेक आठवून माझे ते मोठे कान तापायला लागले.

“आणि सगळं माहीत असून माझ्या थापा ऐकत बसलीस? नवऱ्यालाही सांगितलं नाहीस? का?”

तिनं कॉफीवर फुंकर घातली.

“मला स्वयंपाक येत नाही, अक्का.”